नगराळे सरांची ज्वारी

नगराळे सर घरी येणार असले, की आम्ही आधी दारातल्या कुंड्या मागच्या अंगणात न्यायचो. कारण पाहुण्याला पाणी द्यावंच लागतं, आणि सरांच्या हातात पाण्याचा ग्लास आला की त्यांना ढेकूळ आठवायचं. जवळच्या कुंडीत बोट घालायचं, बोराएवढं ढेकूळ काढायचं, ते अलगद ग्लासात सोडायचं आणि ग्लास डोळ्यांसमोर धरून बसायचं. मग घरात कोण आजारी आहे, कोणाची बदली झाली, कशाशीच त्यांचा संबंध उरत नसे. ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहिलं, तर सर खूश. फुटून पाणी गढूळ झालं, तर चेहरा असा पडायचा की त्या घरात कोणी गेलं आहे असं वाटावं.

"यायच्या मातीत कोणी राहत नाही," ते हळूच माझ्या कानात सांगायचे. "पार रिकामी आहे."

सर दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाईत एका खासगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच डिपार्टमेंटात त्यांच्या शेजारच्या टेबलावर. माझे बाबा तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. आमच्या घरातून कॉलेजचं गेट ओलांडणारी मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही, मिरवूनच सांगते. पण त्यामुळे झालं असं, की काही महत्त्वाचं ठरवायचं असलं की बाबा म्हणायचे, "तुह्या सराले घेऊन चाल. शिकलेला माणूस सोबत पाहिजे."

माझं लग्न ठरताना सरांना असंच सोबत घेऊन आम्ही मुलाचं घर पाहायला नेहरू नगरला गेलो. मुलाची आई चांगली माणसं जोडणारी. सरबत, चिवडा, सगळं टेबलावर मांडलेलं. बाबा नोकरीचं विचारत होते, मुलाचे काका घराण्याचं सांगत होते. सरांनी मात्र सोफ्याशेजारच्या मनीप्लांटच्या कुंडीत बोट घातलं. ढेकूळ ग्लासात गेलं आणि गेल्या गेल्या भुगा झालं. सरांनी मान हलवली. मुलाच्या आईनं ते पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा थांबला. आत जाऊन तिनं माझ्या आईला विचारलं, "बाई, ते भाऊ करणी-बिरणी पाहतात का?"

निघताना सरांनी निकाल सांगितला. "मुलगा चांगला आहे. कुंडी खराब आहे. नुसता मुरूम भरून ठेवला तुम्ही. पालापाचोळा टाका, सारखं उकरू नोका. बाकी मीना आली की पाहून घेईल."

लग्न मोडता मोडता राहिलं. घरात पाऊल टाकल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या आधी ती कुंडी दाखवली. "घ्या," म्हणाल्या, "तुमच्या सरांनी सांगितलंय."

आता यात वेडेपणा किती आणि विद्या किती, हे सांगायलाच पाहिजे. जवळजवळ सगळ्याच झाडांच्या मुळांत एक बुरशी राहते. मुळाच्या पेशीत शिरते, तिथं फांद्या फुटलेल्या झाडासारखी पसरते, आणि बाहेर मातीत केसाहून बारीक धागे सोडते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला लांबून फॉस्फरस आणून देते. त्या धाग्यांच्या भिंतीत प्रथिनं असतात. काही ओळख पटवायच्या कामाची, कारण मूळ कोणालाही आत घेत नाही. आणि एक चिकट, हट्टी प्रथिन, ग्लोमालिन. धागे मेले तरी ते मातीत राहतं आणि कणाला कण धरून ठेवतं. ढेकूळ पाण्यात टिकतं, त्यात त्याचाही हात असतो. सरांचं उभं आयुष्य या एका प्रथिनात गेलं. आणि त्यांचा खरेपणा असा, की कोणी विचारलं, "सर, मातीतून तुम्ही जे काढता ते सगळं त्या बुरशीचंच असतं का?" तर म्हणायचे, "मले नाही माहीत. कोणालेच पक्कं नाही माहीत. भांडणं चालू आहेत."

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य: "पानं नोको दाखवू, मूळ दाखव." पोरांनी सुंदर फाइल आणली, की हेच. नवे प्राचार्य आले आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत आपल्या पदव्या वाचून दाखवल्या. सर मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "हे पानं झाले साहेब. मूळ दाखवा." त्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटला नवी काचसामग्री मिळाली नाही.

पोरं त्यांना कुकर सर म्हणायची. मातीतून ते प्रथिन काढायला माती एका द्रावणात घालून दाबाखाली, वाफेत शिजवावी लागते. कॉलेजचं त्यासाठीचं यंत्र कायम बिघडलेलं. म्हणून सर घरीच कुकरमध्ये माती शिजवायचे. शिट्ट्या झाल्या की वरचं तांबूस पाणी बाटलीत भरून, ती बाटली छातीशी धरून, स्कूटरवरून कॉलेजात आणायचे. व्हरांड्यात पोरं ओरडायची, "सर, आज कितनी सीटी हुई?" सर खरंच आकडा सांगायचे.

सरांचं घर प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टर सरांच्या नव्हे, कुंदाताईंच्या नावावर होतं. कुंदाताई म्हणजे सरांच्या पत्नी, प्लांटच्या दवाखान्यात सिस्टर. उंच, खणखणीत आवाजाच्या. सरांना औषध दिल्यासारखा चहा द्यायच्या, समोर उभं राहून पूर्ण पिईपर्यंत. घरात दोन कुकर होते, आणि मातीच्या कुकरच्या दांड्याला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला म्हणाल्या, "पाहून घे वं मीना. लोकाच्या घरी कुकरात डाळ शिजते. आमच्या घरी दुर्ग जिल्हा शिजते."

"अवो, डाळही शिजते नं," सर आतून म्हणाले.

"शिजते. चव कोणाची हाय ते खाणाऱ्यानं ओळखावं."

भांडणं कायम चालू, आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नसे. एकुलती मुलगी पल्लवी हैदराबादला नोकरीला गेली, मग तर दिवसभर हेच.

क्वार्टरच्या व्हरांड्यासमोर अर्धी रेती भरलेल्या कुंड्यांची रांग होती. त्यांत बाराही महिने ज्वारी. सेक्टर दहामध्ये गुलाब असतात, शेवंती असते, फार तर वांगी. ज्वारी कोणी लावत नाही. यात दाणा कधी धरणार, म्हणून चौकीदार येता-जाता त्याच्या छत्तीसगढीत विचारायचा, "सर, एमा दाना कब धरही?" सर कणीस यायच्या आधीच ताटं कापायचे आणि नवी पेरायचे. कारण पीक ज्वारी नव्हतीच. पीक खाली होतं. प्लांटच्या राखेच्या ढिगाऱ्याकडेला, जिथं काही उगवू नये तिथं सरांना एक गवत उगवलेलं दिसलं होतं, आणि त्याच्या मुळात ही बुरशी सापडली होती. ही बुरशी काचेच्या ताटलीत, नुसत्या खाद्यावर वाढत नाही. तिला जिवंत मूळच लागतं. म्हणून ज्वारी. पुढे ती जागा रिसालीकडच्या प्लॉटांखाली सपाट झाली. ती बुरशी आता सरांच्या कुंड्यांतच होती.

मग कुंदाताईंना आजार निघाला. रायपूरच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, आवाज बारीक झाला. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. त्या काळात सर कॉलेजात यायचे, तास घ्यायचे आणि घंटा व्हायच्या आत स्कूटर काढायचे. थंडी संपता संपता ताई गेल्या. त्या दिवशी घरात ढीगभर माणसं होती आणि सर स्वयंपाकघरात उभे राहून कुकरची लाल चिंधी सोडत होते. सुटली नाही तेव्हा तसेच उभे राहिले.

पुढे सर निवृत्त झाले. क्वार्टर ताईंच्या नावावर, त्यामुळे ते सोडायची मुदत आली. पल्लवीनं हैदराबादला त्यांच्यासाठी खोली तयार करून ठेवली. सर हलेनात.

"माही कल्चर हाय इथं," ते म्हणायचे. "तिले जिवंत मूळ लागते. फ्लॅटात कुठं ठेवू?"

पल्लवीचा मला फोन. "मीनाताई, तुम्हीच समझाओ ना पप्पाले. मी रोज फोन करते तर नुसते कुंड्या, कुंड्या. इकडे ऑफिस सोडून मी कितीदा येऊ? तिथं रात्री काही झालं तर कोण आहे त्यांचं?" ती रडत होती. मुदतवाढीचा अर्ज एकदा मंजूर झाला होता, परत होणार नव्हता.

मी गेले. आणि मला वाटलं तितकं हे काम अवघड नव्हतंच, कारण उपाय सरांनीच वर्गात शिकवला होता. कुंडीतली माती सावलीत वाळवायची, पुडीत भरायची, थंड जागी ठेवायची. बुरशीचे बीजाणू त्यात झोपून राहतात. पाहिजे तेव्हा पेरलं की उठतात.

"सर, पुडी करून घेऊन जा की. हैदराबादले पेरा."

"रस्त्यात गरम होते."

"एसीचा डबा आहे सर."

"मग गार होते."

"सर!"

"तिथली ज्वारी वेगळी असते," सर म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मी बाहेर उभी राहून कुंड्यांकडे पाहत राहिले. ज्वारी दाट, काळपट हिरवी, अंगठ्याएवढी जाड. मला आनंद झाला. इतकं चांगलं कल्चर, आणि पुडी करायला हा माणूस घाबरतो. म्हटलं, आधी आपण मुळं तपासू, बुरशी भरपूर आहे हे दाखवू, म्हणजे त्यांच्या जिवाला धीर येईल. ते चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "थोडी मुळं नेऊ का? पाहते."

"नोको," सर पटकन म्हणाले. "हलवू नोको त्यायले."

दुसऱ्या दिवशी सर पेन्शनच्या कामाला दुर्गला गेले. कुंड्यांना पाणी घालायला मला सांगितलं होतं. पाणी घातलं, आणि थोडी थोडी मुळं काढून ओल्या कागदात गुंडाळून कॉलेजात नेली.

मुळं उकळून पारदर्शक केली, व्हिनेगर आणि निळ्या शाईत ठेवली, धुतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशी असली की निळे धागे दिसतात, फुगे दिसतात, पेशीत ती बारीक झाडं दिसतात. मला काही दिसलं नाही. मूळ स्वच्छ, धुतलेल्या काचेच्या नळीसारखं. वाटलं, शाई चुकली. परत केलं. दुसऱ्या कुंडीचं घेतलं, तिसऱ्या कुंडीचं. मग कुंड्यांतली थोडी माती चाळणीतून धुऊन बीजाणू शोधले. नुसती टरफलं होती, आतून पोकळ. एकाही कुंडीत बुरशी नव्हती. आज-कालची गेलेली नव्हे, केव्हाचीच गेलेली.

मातीत आणखी एक गोष्ट सापडली. करड्या रंगाचे, अर्धवट विरघळलेले दाणे. ते ओळखायला शिकावं लागत नाही, शेतीच्या दुकानात पोत्यानं मिळतात. डीएपी. फॉस्फरसचं खत. झाडाला वरून आयता फॉस्फरस मिळाला, की मूळ बुरशीला साखर देत नाही, आत घेत नाही. पानं टरारून येतात आणि खाली बुरशी उपाशी मरते. म्हणून तर ती रेती होती, म्हणून तर ती ज्वारी नेहमी मरतुकडी असायची. इतकी वर्षं मी तिथं जात होते आणि तिची हिरवी पानं पाहून खूश झाले होते.

दाणे ताजे होते. कोणीतरी आजही टाकत होतं. मला वाटलं, शेजारचं कोणी, चांगल्या मनानं. आणि ज्या कल्चरसाठी हा म्हातारा माणूस घर सोडत नाही ते कल्चर नाहीच, हे आता मी त्यांना सांगायचं होतं.

संध्याकाळी गेले. सर व्हरांड्यात भाजी निवडत बसले होते.

"सर, तुमच्या कुंड्यांत कोणीतरी डीएपी टाकून राहिलं."

सरांनी मेथीची काडी बाजूला ठेवली.

"हाव," म्हणाले. "मीच टाकतो."

मी वळून कुंड्यांकडे पाहिलं.

"मुळं नेली तू," सर म्हणाले. रागावले नव्हते. "बस."

मी बसले.

"तिले घरी आणलं नं, तेव्हा खाट इथंच टाकली होती. समोर ह्या कुंड्या. दिवसभर त्यायच्याकडंच पाहत राहायची. म्हणे, अवो, कशे पिवळे पडून राहिले हे, काही तरी द्या नं यायले. मी म्हटलं, द्यायचं नसते. उपाशी राहिलं तरच मूळ बुरशीले जवळ करते. तर म्हणे, बरं." सर थोडे हसले. "सिस्टर होती ते. ऐकते काय? कामवाल्या बाईजवळून पुडी मागवली. उशीखाली ठेवली. मी आंघोळीले गेलो की उठायची. संडासापर्यंत जायले माहा खांदा लागे तिले, मीना. आणि इथपर्यंत एकटी यायची. भिंत धरून."

"तुम्हाला कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी. दाणे दिसतात नं वरून."

"मग बोलले कावून नाही?"

"बोलणार होतो. पण दोन-चार दिवसांत पानं हिरवे झाले. मले आवाज देऊन बोलावलं, म्हणे, पाहा, तुमची बुरशी कामाले लागली. हासली. लय दिवसांनी हासली."

मी म्हटलं, "सर, एक कुंडी तरी उचलून मागं ठेवायची. एका कुंडीत वाचलं असतं सगळं."

"ठेवली होती. मागच्या अंगणात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी विचारते, ती कोपऱ्यातली कुठं गेली? तिची तब्येत जास्त खराब झाली काय?" सरांनी मेथीची काडी परत उचलली, पानं खुडली नाहीत, नुसती धरून ठेवली. "परत आणून ठेवली."

कॉलेजच्या फ्रिजमधली राखीव पुडी आधीच कधीतरी साफसफाईत गेली होती, हे मला माहीत होतं. आणि बुरशी जिथं सापडली ती जागा प्लॉटांखाली. म्हणजे ती कुंडी परत आणून ठेवली तेव्हा आपण काय ठेवतो आहोत, हे सरांना पुरतं ठाऊक होतं.

"एकदा म्हणे, मले दाखवा तुमची बुरशी. आता काय दाखवू? कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणला, जुनी स्लाइड होती, ती लावली. एक डोळा मिटता येत नव्हता तिले, मी हात ठेवला डोळ्यावर. लय वेळ पाहिलं तिनं. म्हणे, केवढी गर्दी हाय जी. मी म्हटलं, हाव. तुह्यामुळंच."

आतून कुकरची शिट्टी झाली. डाळीची असावी. सर उठले नाहीत, मग मीच आत जाऊन गॅस बंद केला. वर्गात सर सांगायचे, बुरशी संपली तरी तिच्या भिंतीतलं प्रथिन मातीला धरून ठेवतं, वर्षानुवर्षं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण शिकलेल्या माणसाला एवढं समजायला पाहिजे, की पुस्तकातली गोष्ट कोणाच्या दुःखावर नेऊन चिकटवायची नसते. मी बाहेर आले आणि म्हटलं, "कुंड्या मी नेते सर. आमच्या अंगणात जागा आहे."

"तू त्या बुरशीसाठी नेऊन राहिली काय?"

"नाही सर. ज्वारीसाठी."

सरांनी हातातल्या काडीची पानं खुडली. मग म्हणाले, "पल्लवीले सांग, येतो म्हणा."

जायच्या दिवशी पल्लवी सामान बांधत होती, आणि सर कुंड्या लादलेल्या ठेल्याच्या बाजूनं सेक्टर दहा ते नेहरू नगर पायी आले. खड्डा आला की ठेलेवाल्याच्या आधी त्यांचा हात ताटांना. आमच्या अंगणात कुंड्या व्हरांड्यात होत्या त्याच क्रमानं लावून घेतल्या. सासूबाईंनी पाणी आणलं, ते त्यांनी नुसतं प्यायलं. मग खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. घडीवर घडी घालून कागद मऊ पडलेला होता.

"लय नोको टाकू, मूळ जळते. चिमूटभर."

"हो सर. चला, गाडीची वेळ झाली."

ते निघाले, आणि फाटकापासून परत आले. कोपऱ्यातल्या कुंडीतल्या एका पानाचा शेंडा वाळला होता, तो त्यांनी दोन बोटांनी खुडला आणि खिशात टाकला.

"पिवळं दिसू देऊ नोको वं मीना," ते म्हणाले. "तिले पाहवत नाही."